पासष्टच्या आत

वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या मागे
पीयूसीची व्हॅन जिथं लागते
तिथली भिंत मांडीच्या उंचीवर काळी आहे.
पास झालेल्यांचा धूर त्यातच, नापास झालेल्यांचाही.
मी बोट लावून पाहिलं. मऊ. काजळासारखं.
मग पँटला पुसलं, आणि पँट आजच धुतलेली.

गाडी दोन हजार आठची. बर्फाची.
माझगावच्या कारखान्यातून भाऊच्या धक्क्यावर,
रात्री तीनला पहिली खेप.
पाणी गळून गळून चेसीखाली
गंजानं आपला नकाशा काढलाय.
मागे रंगवलंय, 'विरघळायच्या आत'.
ते माझ्या मेव्हण्याचं डोकं.

पहिल्यांदा एक्क्याऐंशी आले.
अश्लेषा नावाची पोरगी, कानात कापूस,
स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली,
"काका, पासष्टच्या आत पाहिजे."
शाळेत मला जास्त मार्कांसाठी
कुणी नापास केलं नव्हतं.

चहाच्या टपरीवर एजंट भेटला, डायस.
"गाडी कशाला आणता? नंबर द्या नुसता.
नळी दुसऱ्याच्या सायलेन्सरला, फोटो तुमच्या पाटीचा."
सातशे म्हणाला.
मी खिशात हात घातलाही होता.

खोटं कशाला सांगू, इमान वगैरे आठवलं नाही.
आठवली तानूबाय.
गेल्या आठवड्यात पापलेटवर बर्फ पसरताना
तिनं एक खडा नाकाशी धरला,
"तुझे बर्फाला धूर लागलाय रं," म्हणाली,
आणि पुढची लादी दुसऱ्या गाडीची घेतली.
बारा वर्षांचं गिऱ्हाईक.
भांडली असती तर बरं वाटलं असतं.

अँटॉप हिलला हारून मिस्त्रीनं
एअर फिल्टर काढून फुटपाथवर आपटला.
माहुलची पूड, मेट्रोच्या खड्ड्याची माती,
एक सुकलेलं पान
आणि, देवाशप्पथ, माशाचा एक खवला.
"नाक दाबून पळवलीस हिला," म्हणाला,
"वर विचारतोस, खोकते का?"
नोझल पंपवाल्याकडे गेले. चार हजार दोनशे.
चौथा नोझल परत आला तो भलत्याच गाडीचा,
त्यात एक दिवस गेला, दोन खेपा गेल्या.
"आणि थंड इंजिन नेऊ नकोस. आधी दमव."

म्हणून बर्फाची गाडी मी तापवायला काढली.
रिकामी, मानखुर्दपर्यंत, तिसऱ्या गियरमध्ये.
मागून रिक्षावाले आईबहीण काढत होते,
सुदाम क्लीनर खिडकीतून त्यांना
वाकून नमस्कार करत होता.

परत व्हॅन. परत ती नळी.
"दाबा. पूर्ण. सोडा. परत दाबा."
इतकी वर्षं जिला जपून दाबली
तिला उभ्या जागी किंचाळायला लावायचं,
चाक न हलवता.
अडुसष्ट. चौसष्ट. एकसष्ट. एकोणसाठ.
खोकून खोकून शेवटी
माणसाला जरा बोलता येतं, तसं.
अश्लेषानं सरासरी काढली. त्रेसष्ट.
"दोननं वाचलात," म्हणाली, कापूस न काढता.
कागद सहा महिन्यांचा.

तीन वाजता धक्क्यावर
तानूबायपुढे कागद धरला.
चष्मा नाही म्हणाली.
लादीवरनं हात फिरवला, हात नाकाशी नेला,
बराच वेळ तसाच ठेवला.
"हाय अजून," म्हणाली. "कमी हाय.
दोन टाक. चार नको."

सुदामनं मागचं फळकूट पाडलं.
मी इंजिन बंद केलं.
एरवी चालूच ठेवायचो, चढवउतर होईपर्यंत.
चावी फिरवल्यावर कळलं,
आत लाद्या आवाज करतात.
बारीक. कट्. मग थांबून, कट्.