उतार

ब्लाउजला मी अर्धा इंच जास्त धरते नेहमी,
बाई अंगानं भरली तर उसवून सैल करता यावं.
मापाचं मला येतं ते एवढंच.
तेवढ्यावर मी महापालिकेत गेले.

त्रिमूर्ती कॉलनीतली नवी गटार
रोख्यांच्या पैशातली, असं फलकावर होतं.
रोखे म्हणजे काय, ते बिरनाळे सरांनी दारात उभ्याउभ्या सांगितलं :
शहरानं बाजारातून उसनं आणलेलं,
दहा वर्षांत व्याजासकट फेडायचं.
फेडणार कोण, विचारलं,
तर माझीच घरपट्टीची पावती त्यांनी माझ्यासमोर धरली.
मग माझ्या कर्जातली वस्तू
मी उलटीपालटी करून बघू नये?
मी तर बटणंसुद्धा बघून घेते.

अर्ज केला. दहाचं तिकीट चिकटवलं.
कागद बघायला पहिला तास फुकट असतो
हे कानात सांगितलं शिपाई कोळेकरनं,
घर त्याचंही आमच्याच गल्लीत, खालच्या अंगाला.
उपअभियंता धुमाळ साहेब, माणूस वाईट नव्हे,
पंखा आमच्याकडं फिरवला त्यांनी
आणि मोजमाप पुस्तिका काढून दिली.
पान एक्केचाळीस, निळी शाई :
लांबी तीनशे बारा मीटर, रुंदी साठ सेंटिमीटर, खोली नव्वद.
उताराच्या रकान्यात फक्त
'नकाशाप्रमाणे'.
मी तो शब्द कापडासारखा चिमटीत धरून बघितला.
नकाशा कुठाय? ठेकेदाराकडं.
ठेकेदार कुठाय?
तिथं आमचा तास संपला.

रविवारी गटारीवरची झाकणं अजून बसायची होती, ते बरंच.
माझी टेप दीड मीटरची. दोनशेआठ वेळा टाकायची.
नदाफांची सून वहीत रेघा मारी,
पाच झाल्या की आडवी रेघ, जुडी बांधल्यासारखी.
सर छत्री धरून आकडे ओरडत.
सायकलवरनं कुणी म्हणालं, गटारीला कोट शिवताय काय?
दोनशेआठ.
बोटभरही कमी नाही.
खरं सांगते, आम्ही हिरमुसलोच.
पदर खोचून भांडायला जावं
आणि समोरचीनं चहा टाकावा, तसं.
रुंदी बरोबर. खोली बरोबर.
सिमेंट नखानं ओरखडलं, निघालं नाही.
'काम पक्कं आहे', वहीत लिहिलं.
लिहिताना सर दोनदा थांबले.

तेव्हा ओट्यावरनं कोळेकरची आई म्हणाली,
माप घेतलंत, पाणी कुठं जातंय ते बघितलंत का?

सांगलीत हळदीला काय तोटा.
तीन बादल्या, बादलीला मूठभर,
वरच्या तोंडाशी ओतल्या,
आणि आम्ही आधीच ओढ्यापाशी जाऊन उभे राहिलो.
आयर्विनला किती फूट, विचारत रात्री काढणारी माणसं आम्ही,
पाणी येतं कसं ते पाठ आहे.
जातं कसं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

उभे राहिलो.
ओढ्याचं तोंड कोरडं.
एक कुत्रं आलं, हुंगून गेलं.
मग मागनं पोरं ओरडली :
हळद लागली, हळद लागली,
कोळेकरच्या दाराला!

पाणी तिथंच अडलं होतं,
भिंतीवरच्या पुराच्या जुन्या रेघेखाली,
पिवळं, शांत, पुढं जायचं नाव नाही.
तिथून ओढ्यापर्यंत परत टेप टाकली, सत्तावीस वेळा.
साडेचाळीस मीटर, चढाचे.

धुमाळ साहेब प्रभाग सभेच्या आदल्या दिवशी आले,
तिपाई लावली, दुर्बिणीला डोळा लावला,
बराच वेळ काढला नाही.
मग आमच्याच वहीत, आमच्याच पेननं :
'पाहणी केली. शेवटच्या भागात उलट उतार आढळला.'
सही, तारीख.
दुरुस्ती कुठल्या पैशातनं, सरांनी विचारलं.
साहेबांनी पेनचं टोपण लावलं.

वही आता माझ्याकडं असते,
अस्तराच्या कापडांखाली.
टेप धुतली, तरी पिवळी ती पिवळीच.
गिऱ्हाईक विचारतं, हे कशानं?
मी म्हणते, हात वर करा,
माप घेऊ द्या.