वगळलेले अकरा सेकंद

ऑपरेशनच्या टेबलावर ती जागी असते.
असावीच लागते.
कवटीला नाण्याएवढं भोक, त्यातून उतरलेली बारीक तार,
आणि पडद्याआड मी, कानाला हेडफोन,
तिच्या मेंदूच्या तळाशी
वालाच्या दाण्याएवढ्या जागेत
काय बोलणं चाललंय ते ऐकत.

बोलणं कसलं,
तापल्या खापरात लाह्या फुटाव्यात तसं तडतडणं.
धडधाकट माणसात ते विस्कळीत असतं, ज्याचं त्याचं.
हिच्या दाण्यात मात्र सगळ्या पेशी एका ठेक्यात,
सेकंदाला वीस वेळा,
कवायतीला उभ्या केलेल्या पलटणीसारख्या.
शिकत होते तेव्हा वाटायचं, आजार म्हणजे गोंधळ.
इथे तर शिस्तच आजार.

ओदील पेराशाँ, एकाहत्तर.
माझ्या तक्त्यात : रुग्ण सतरा.
ग्रनोब्लमध्ये, इझेर नदीच्या उजव्या काठावर,
हातमोज्यांच्या कारखान्यात त्रेचाळीस वर्षं.
करडाचं ओलसर कातडं टेबलाच्या कडेवर ताणायचं
दोन्ही अंगठ्यांनी,
ते जितकं द्यायला तयार आहे तितकंच,
आणि मग कात्री.
"कातडं सांगतं," पहिल्या भेटीत म्हणाली होती,
"पण एकदाच. तुमच्या यंत्रासारखं पुन्हापुन्हा नाही."
तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर
कुणाच्या तरी न संपणाऱ्या नोटा मोजत होता.

मूठ उघडा. मिटा.
महिने उलटे म्हणा. ती सप्टेंबरला अडली.
आता काही करू नका, नुसत्या पडून राहा, एक मिनिट.
प्रवाह अजून सोडलेला नव्हता.
आणि माझ्या कानात
पलटण मोडली.
कुणी डावीकडे गेलं, कुणी बसलं, कुणी बोलायला लागलं,
अकरा सेकंद.

मी पडद्याबाहेर डोकं काढलं. "मादाम, काय केलंत?"
"काही नाही. हात हलवला का मी?"
नव्हता हलवला.
मग जरा ओशाळून, शाळेत पकडल्यासारखं :
"करडू ताणत होते. मनातल्या मनात."

लेखाच्या परीक्षकानं लिहिलं :
सूचनेबाहेरची कृती, ग्राह्य नाही.
बरोबरच होतं त्याचं.
तळटीपेत एक ओळ टाकून आम्ही तो तुकडा वगळला.

आता तिच्या गळपट्टीच्या हाडाखाली
साबणाच्या वडीएवढी बॅटरी आहे,
सेकंदाला एकशेतीस ठोके, दिवसरात्र.
हात शांत आहे. मुंगीएवढी झालेली अक्षरं
पुन्हा वाचता येतात.
आवाज मात्र खाली गेला.
तिचा नवरा एमे म्हणतो, "ती काय म्हणते ते ऐकायला
आता शेजारी जाऊन बसावं लागतं.
इतक्या वर्षांत कधी बसलो नव्हतो."
हे सुधारणेत धरायचं की दुष्परिणामात,
माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही.
दाराच्या चौकटीत तिचे पाय अजून थिजतात.
त्यावर माझ्याकडे तार नाही.

गेल्या तपासणीला तिनं माझेच हात हातात घेतले,
उलटेपालटे केले,
आणि टेप न लावता सांगितलं :
डावा मोठा आहे. आजवर घातलेला प्रत्येक मोजा
तुम्हाला एका बाजूनं काचला असणार.
काचला होता.
मला वाटायचं, मोजे असतातच तसे.

कधी उशिरापर्यंत थांबले
की ती फाइल लावते.
खिडकीबाहेर डोंगराच्या पोटात केबलकारचे दिवे विझलेले.
तडतड, एका ठेक्यात. मग ठेका उसवतो,
आणि कुणीतरी न हलता, डोळे मिटून,
मऊ काहीतरी ताणतं
जितकं ते द्यायला तयार आहे तितकंच.

नंतर तिचा खोकला.
नंतर वीस, वीस, वीस.