आठ नंबरचं लॉकर

सकाळचे सात. थंडर बे. बाहेर उणे बावीस.
पार्किंगमधल्या गाड्या वायरीने भिंतीला बांधलेल्या,
दावणीला गुरं असावीत तशा,
इंजिनं रात्रभर गोठू नयेत म्हणून.
आत मी, हातात पत्र्याची खरवडणी,
आठ नंबरच्या लॉकरसमोर.
नव्या मुलाचं नाव चिकटवायचंय
आणि जुनं निघत नाही.

'केलेब'च्या खाली 'ओरेस्ट',
ओरेस्टच्या खाली 'जोडी एम.',
जोडीच्या खाली नुसतंच 'टी'.
हा टी कोण?
आठवेना मला.
मला, जिला साडेचार हजार खणांतला
कुठलाही बोल्ट डोळे मिटून सापडतो.

ओरेस्ट आठवतो. दीड वर्ष टिकला,
म्हणजे आमच्या हिशेबात म्हाताराच होऊन गेला.
धान्यकोठारावरचा रायनो यायचा,
तेलकट मुठीत तुटका तुकडा घेऊन,
"असाच दे", एवढंच म्हणायचा.
ओरेस्ट आट्यांवरून नख फिरवायचा,
दुसरीकडेच बघत,
आंधळा जपमाळ ओढतो तसा.
"अर्धा इंच. जाडे आटे. तेरा."
कधी चुकला नाही.
डोक्यावर सहा रेघा असलेला बोल्ट कडक,
तीनवाला मध्यम,
आणि कोरं डोकं असेल तर देवाची मर्जी,
हे त्याने केलेबला शिकवलं.
केलेब ते विसरायच्या आत खाणीवर गेला.
तिथे तासाला नऊ डॉलर जास्त.

त्याला नावं ठेवणारी मी कोण?
खाणीचा अर्ज मीही दोनदा भरला होता,
दोन्ही वेळा गाडीच्या खणात राहिला.
माझं काम नावं ठेवायचं नाही,
नावं काढायचं.
एकोणीस वर्षांत एकोणचाळीस काढली मी,
आणि कोणी म्हणणार नाही की हिने नाव काढलं.

काल हेड ऑफिसचा फॉर्म आला.
एक ते पाच. आपण समाधानी आहात का?
मॅनेजर पेत्रिशिन दारात उभं राहून म्हणाला,
"सगळ्यांनी चार द्या.
पाच दिले तर त्यांना संशय येतो,
तीन दिले तर ते डोनट घेऊन मीटिंगला येतात."
गेल्या वर्षी मी मोकळ्या जागेत लिहिलं होतं,
मागचं दार बसत नाही, वारा आत येतो,
संध्याकाळपर्यंत बोटांना नट कळेनासे होतात.
उत्तरादाखल प्रत्येकाला एक मग आला.
त्यावर लिहिलेलं, तुम्हीच आमची ताकद.
अकरा प्रकारच्या रबरी पट्ट्या विकतो आम्ही,
दारांच्या फटींसाठी.
आमच्या दाराला एकही नाही.
मगात मी आता वॉशर ठेवते.

'पुढच्या दोन वर्षांत तुम्ही स्वतःला इथेच पाहता का?'
काउंटरच्या काचेत पाहिलं.
होते.
फॉर्ममध्ये तसं लिहिलं नाही. चार दिले.

खरवडणीने 'टी'चा एक कोपरा उचलला
आणि पत्र्याचा रंगही सोबत आला.
सोडून दिलं.
नवा मुलगा आला. एल्डन.
कानटोपीवर बर्फ, बुटांची नाडी सुटलेली.
म्हणाला, "माझं नाव नाही लावलं तरी चालेल."
त्याची खोड नव्हती त्यात,
खरंच बरं वाटावं म्हणून म्हणाला बिचारा.
लावलं मी, जुन्यांच्या वरच.
थोडं तिरकं बसलं.

दहाच्या सुमारास रायनो आला.
मूठ उघडली. "असाच दे."
मी हात पुढे केला, मग मागे घेतला,
आणि तुकडा पोराच्या तळव्यावर ठेवला.
त्याने उलटा धरला. सुलटा धरला.
नख लावलं, ओठ हलवत मोजत राहिला.
रायनो हातमोजे काढून काउंटरला टेकला,
घाई नसल्यासारखा.

"बारा?"

पुन्हा मोज, म्हटलं.