करवंटीवर

आधी करवंटी.
कुबलांच्या तेलघाण्यामागे ढीग पडलेला असतो,
न्या म्हणतात, विंचू बघून न्या.
भट्टीत आठशे अंश, नायट्रोजनची संथ फुंकर,
म्हणून ती पेटत नाही, नुसती काळी होत जाते,
आतून भोकाभोकांची. चिमूटभर उलगडता आली
तर कबड्डीची दोन मैदानं झाकेल.

पहिल्या वर्षी तिच्यावर प्लॅटिनम तसंच बसवलं.
पिवळं पाणी, बोरोहायड्राइडचे चार थेंब,
आणि दौत लवंडावी तसं सगळं काळं.
पुण्याहून फोटो आला: कण तीन नॅनोमीटरचे, सुटे सुटे.
हजार फेऱ्यांनंतर दुसरा फोटो आला.
कण सरकत सरकत एकमेकांना जाऊन मिळालेले,
विसरून भिजत राहिलेल्या साबुदाण्याचा जसा
एकच गोळा.
डबीवरची किंमत मी घरी कधी सांगितली नाही.

मांडवीच्या खाडीत ओहोटीला
द्रुपदा तांडेल कोयतीने कालवं फोडत होती.
या दगडावर दाटीवाटी, शेजारच्यावर एकही नाही,
असं का, म्हणून विचारलं.
तिने मान वर केली नाही.
"गुळगुळीत फातराक काय्येक चिकटणा नाय गो."

मग करवंटी पुन्हा भाजली, युरिया घालून.
कोळशाच्या जाळीत जिथे तिथे नायट्रोजन शिरला,
कार्बनच्या जागा बळकावून बसला,
हाताशी दोन इलेक्ट्रॉन मोकळे ठेवून.
प्लॅटिनम आलं, आणि त्या खाचखळग्यांत अडकलं.
असं मला वाटतं. फोटो अजून यायचाय.

वेंगुर्ल्याच्या हवेत क्लिपांना आठवड्यात गंज चढतो.
वीज गेली की इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडतो,
आणि मी दोन्ही हातांनी टेबल धरते,
जणू टेबल धरल्याने विजेची रेघ सरळ राहणार आहे.
अॅसिडमध्ये, काळ्या ठिपक्यावर,
बुडबुडे धरतात. मोहरीएवढे. सुटतात.
हायड्रोजन, खिडकीतून बंदराकडे.

काल द्रुपदाला सांगायला गेले.
तिने ऐकलं, किंवा नाही ऐकलं,
ओंजळभर कालवं ओच्यात टाकली.
घरी एक उघडताना अंगठा कापला, खोल.
आज रबरी मोज्याच्या आत ठसठसतोय.
फेरी चार हजार दोनशे अकरा.
रेघ थोडी खाली आलीय.
थोडीच.