बारा वाजून सात

निवडणुकीच्या ड्युटीचा जुना आदेश,
त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला घेतलंय:
उन्हाळी विज्ञान मंडळ, आठवी ते दहावी,
दहा दिवस, खर्च सहाशे चाळीस रुपये.
त्यातले दोनशे लांजेवार भाऊ देतो म्हणाले होते.
होते.

लाइट गेलीय. मोबाईल पाण्याच्या बाटलीखाली ठेवला
तर अख्खी खोली उजळते,
हाही एक प्रयोग, समासात लिहून ठेवते.

पहिल्या दिवशी हळदीचा कागद.
चुना पानठेल्यावरून, बोटभर;
थानेश्वरला पाठवायचं नाही,
तो तिथंच बसतो तासभर.
चुना लागला की कागद लाल,
लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा.
पोरं म्हणतील जादू. म्हणू द्यावं. अर्धा तास.

मग पिचकाऱ्या. आरोग्य केंद्रातल्या,
मुदत संपलेल्या, कोऱ्या, बिनसुईच्या,
सिस्टरनी वीस बाजूला काढल्यात.
दोन पिचकाऱ्या, मधे सलाइनची नळी,
इकडं दाबलं की तिकडं पुठ्ठ्याचा जेसीबी मान उचलतो.
(मागल्या वर्षी मी क्रेन लिहिलं होतं.
तीन जण आले.
यंदा जेसीबीच.)

व्हिनेगरमधलं अंडं: खोडलं.
अंडं कुणाच्या घरचं आणायचं
यावरच दोन दिवस गेले होते.

बाष्पीभवन. शाळेत थर्मामीटर एक,
तोही तापाचा,
बेचाळीसच्या पुढं त्याच्याकडे आकडे नाहीत
आणि आमच्या व्हरांड्यात पंचेचाळीस.
तेव्हा ओल्या पोत्यातल्या बाटलीला
नुसता हात लावायचा,
आणि शेजारच्या कोरड्या बाटलीला दुसरा.
वहीत काय लिहायचं ते हातांना विचारायचं.

सव्वीस मेच्या पुढं मात्र मी दोनदा रेघ ओढली:
शून्य सावली. झेंड्याच्या खांबापाशी.
बारा वाजून सात मिनिटांनी सूर्य नेमका डोक्यावर,
खांबाची सावली खांबाच्याच पायात.
सगळ्यांनी साडेअकराला हजर.

इथं पेन थांबलं.
हेमकला उईके.
गेल्या उन्हाळ्यात दारातूनच बोलली होती,
"मॅडम, सकाळी मी नाई येत, पत्त्याले जातो.
तुमी दुपारी घ्या न जी."
मी हसून म्हटलं होतं, बघू.
बघितलं नाही.

ती पहाटे तीनला जंगलात शिरते, आईमागं.
सत्तर पानांचा एक पुडा, ती मोजत नाही,
बोटं मोजतात;
वर्गात सातचा पाढा तिनं कधी म्हटला नाही,
थेट सत्तरचा म्हटला, न अडखळता.
साडेअकराला ती झेंड्यापाशी नसते.
बारा वाजून सातला ती बोडीच्या पारीवरून येत असते,
डोक्यावर तेंदूच्या पानांचा भारा घेऊन.

मी कागद फिरवला, उलट्या बाजूनं विचार केला.
पारीवर एकही झाड नाही.
सपाट, उघडी, पांढरी फक्क माती.
खांब तरी कशाला हवा?

खोडलं: झेंड्याचा खांब.
लिहिलं: बोडीची पार.
सोबत पाण्याचा माठ, गूळ,
कपडे वाळवायच्या दोरीचा तुकडा, खडू.

बाकीची पोरं आपापल्या काठ्या रोवतील,
सावली आखडत आखडत काठीच्या बुडात शिरेल,
आणि तेव्हाच ती येईल.
तिला थांबायला सांगेन, एक मिनिट,
भारा उतरवायला नाही.
तिच्याभोवती खडूनं रेघ मारू:
जमिनीवर फक्त भाऱ्याची गोल सावली,
आणि हेमकला सगळीच्या सगळी त्या गोलात.

ती खाली बघेल, मग वर बघता येणार नाही म्हणून
माझ्याकडं बघेल आणि विचारेल,
"मॅडम, असा रोज होते का?"
नाही. वर्षातून दोनदाच.
दुसऱ्यांदा जुलैमध्ये.
तेव्हा आभाळ भरलेलं असतं, दिसत नाही,
आणि तू रोवण्यात वाकलेली असतेस, चिखलात.

हे तिला सांगायचं की नाही,
कागदावर ठरत नाहीये.
लाइट आली. पंखा फिरला,
आदेश उडाला, खाली पडला,
शिक्क्याची बाजू वर.