तीन सेकंद

हापसालूच्या किनाऱ्यावर, जुन्या मासळी-गोदामाच्या माडीवर
आम्ही चौघं फेरीबोटीची तिकिटं सांभाळतो.
तिकिटं म्हणजे तिकिटांमागचे दरवाजे:
एक गाडीचा नंबर घेतो, एक जागा शोधतो,
एक पैसे वळते करतो, एक पावती देतो.
कुठला दरवाजा कुरकुरतो, कुणालाच ठाऊक नव्हतं.
हीउमा बेटावरून तक्रार आली
की आम्ही म्हणायचो, वारा असेल.

त्रीनूनं काही मोडलं नाही, नवं काही बांधलं नाही.
प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर एकेक टाचण लावलं फक्त,
शेपूट गुंडाळून बसलेलं ते चिन्ह
आणि त्याला चिकटून एकच शब्द: टाइम्ड.
आतल्या ओळींना पत्ताही नाही
की उंबऱ्यावर कुणी घड्याळ घेऊन बसलंय,
जाताना बघतंय, येताना बघतंय,
आणि ताकास तूर लागू देत नाही.

संध्याकाळपर्यंत आलेख उगवले.
सरासरी दोनशे दहा मिलिसेकंद.
मी म्हटलं, झालं की मग, चला कॉफीला.
ती म्हणाली, सरासरी गोडबोली असते रे,
सगळ्यांचं बरंच सांगते.
शंभरात शेवटी कोण उभा आहे, ते विचार.

शेवटी उभी होती पावती.
हेल्तेरमा धक्क्यावरच्या मशिनातून मागितली
की तीन सेकंद.
मंगळवारी तीन. वादळात तीन. रिकाम्या बोटीलाही तीन.
नेटवर्क इतकं नेमकं नसतं.
इतका नेमका माणूसच असतो.

खोदत गेलो. अकरा वर्षं खाली एक ओळ सापडली:
झोप, तीन हजार.
आणि तिच्यावर आइवारची टीप,
‘धक्क्यावरचा प्रिंटर थंडीत अडखळतो.
त्याला जरा दम खाऊ द्या.’

आइवार हल्ली व्हिल्यांदीजवळ मधमाश्या पाळतो.
फोनवर मला वाटलं हसेल.
तो म्हणाला, अजून आहे ती ओळ?
प्रिंटर तर मीच भंगारात नेऊन टाकला होता,
नोकरी सोडली त्याच आठवड्यात.
मागे काहीतरी गुणगुणत होतं. माश्या असाव्यात, किंवा लाइन.

म्हणजे अकरा हिवाळे
बेटावरचा प्रत्येक माणूस बर्फात पाय आपटत थांबला,
जे यंत्र तिथे नव्हतंच
त्याला दम खाता यावा म्हणून.

त्रीनूनं ओळ खोडली. टाचण राहू दिलं.
आलेखातला तो सुळका बसला,
दुधाखालचा गॅस बंद केल्यासारखा.
कुणाचं अभिनंदन आलं नाही. येतही नाही.

गुरुवारी मात्र हेल्दुरचा फोन आला,
जो दर आठवड्याला करवतीची पाती घेऊन पलीकडे जातो.
पावती फार लवकर आली म्हणाला, खरी आहे ना?
खरी आहे, त्रीनू म्हणाली.
तो जरा घुटमळला.
तेवढ्यात मी चष्मा पुसून घ्यायचो.
बरं. आता घरूनच पुसून येईन.