एक वीत

भिंड रोडला, धरमकाट्याच्या मागे,
जिथे पूर्वी बटाट्याचं गोदाम होतं,
तिथे आमचं विमान असतं.
रविवारी दहा ते चार. तिकीट दहा रुपये.
शाळेच्या गणवेशात आलात तर फुकट,
म्हणून पोरं रविवारीही गणवेश घालून येतात.

मी विमानातली नव्हे. जीवाजीगंजात
माझं फॉल-पिकोचं दुकान.
टेंबेकाका आले एकदा, वायुदलातले जुने फिटर,
काउंटरवर मेणातला दोरा ठेवला, म्हणाले,
पंखाला कापड चढवायचंय.
मी विचारलं, काठ कुठला?
ते हसले नाहीत. म्हणाले, पुढचा आणि मागचा.

पंख म्हणजे तेव्हा नुसत्या फासळ्या,
ज्येष्ठात रस्त्याकडेला बसलेल्या गाईच्या असतात तशा.
वारा यायचा, मधून निघून जायचा.
त्याचं तिथे काही अडत नव्हतं.

पंख उभा करायचा भिंतीसारखा.
अल्याड मी, पल्याड शकील वेल्डर.
हातभर लांब सुई मी आत घालायची,
ती फासळीच्या कडेने त्याच्याकडे निघायची,
तो ओढायचा, परत पाठवायचा.
चेहरा दिसत नाही. दोरा ताणला की कळतं
पलीकडे कुणी आहे.
टाका, गाठ, चार बोटं सोडून टाका.
दोन हिवाळे.
त्याच्या मुलीचं लग्न मोडल्याचं
त्याने सांगितलं नाही. त्या दिवशी
गाठी सैल येत होत्या.
मी उसवल्या, सुई परत पाठवली,
काही बोलले नाही.

मग डोप. नेलपॉलिशचा वास, पिकल्या केळ्यांचाही.
वाळलं की कापड आक्रसतं,
टिचकी मारली तर डग्ग्यासारखं बोलतं.
काकांची बहीण गाणं शिकवते लष्करात,
तिने कान लावला आणि म्हणाली,
डावा पंख जरा उतरलाय.

उडतं का? सगळे हेच विचारतात.
काका सांगतात, परवाना नाही,
इंजिनात क्रँकशाफ्ट नाही, माझ्यात गुडघा नाही.
तोवर पंखाखाली भदौरिया सरांचा
गणिताचा वर्ग सुरू असतो, फुकट,
आणि शेपटीपाशी कुणाचं तरी ब्लडप्रेशर मोजतात.
वीज गेली की अख्खा मोहल्ला इथेच,
हातात पुठ्ठ्याचे पंखे.

मे महिन्यात, फोटोसाठी,
आम्ही ते पहिल्यांदा बाहेर ढकललं.
नाक वर, शेपूट जमिनीला, ऐटीत.
आणि भिंडकडून आंधी आली.
आधी पिवळी, मग विटकरी,
मग काट्यावरचा ट्रकही दिसेना.

वाऱ्याला या वेळी मधून जाता आलं नाही.

चाकं सुटली.
मी पाहिलं. चाकाखाली उजेड होता,
एक वीत, फार तर एक वीत.
धरो, धरो! शकील डाव्या पंखाला लोंबकळला,
भदौरिया सर शेपटीवर आडवे,
गणवेशातल्या पोरी, रसवाला,
टेंबेकाका गुडघ्यासकट.
दोन वर्षं ज्यासाठी शिवलं
त्यालाच सगळे मिळून खाली ओढत होतो
आणि माझ्या बोटांखाली माझेच टाके
एकेक करून ताणले जात होते.
एकही तुटला नाही.

धूळ बसली. कुणी हसलं, मग सगळेच.
काकांनी जुनं लॉगबुक काढलं,
शेवटची नोंद एकोणऐंशीची.
पेनाचं टोपण उघडलं, लावलं.
परवाना नाही, म्हणाले,
आणि धुळीनं डोळे आले म्हणून आत गेले.

अभिप्रायाच्या वहीत मात्र पेन्सिलीनं, बालाक्षरात:
उडतं. आम्ही धरलं होतं.

आता शकीलने जमिनीत चार कड्या पुरल्यात.
दोर माझा, गाठी त्याच्या.
परवा पाहिल्या. डाव्या चाकाची
जराशी सैल आहे, वीतभर.

मी उसवली नाही.